‘कॅरॅक्टर’ला ‘अक्षर’ म्हणावं का?

मूळ प्रश्न

शनिवारी संध्याकाळी मी आठवी ते दहावीच्या सात-आठ मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. सगळं मराठीतून. हाताशी एक फळा आणि दोन जुने लॅपटॉप. गेल्या शनिवारी स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर, हा भाग काढला. ‘लेन’ हे फंक्शन काय करतं ते सांगताना मी सहज बोलून गेलो, “दिलेल्या शब्दात किती अक्षरं आहेत ते हे मोजून देतं.” एका मुलीने लगेच अवतरणचिन्हांत ‘मराठी’ लिहिलं आणि एंटर मारला. उत्तर आलं ५.

तिने बोटांवर मोजून पाहिलं. म, रा, ठी. “सर, हे चुकलंय. तीनच आहेत.”

मी “काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो” एवढं सांगून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. मुलीचं बरोबर होतं. पायथनचंही बरोबर होतं. चुकला होता तो इंग्रजी ‘कॅरॅक्टर’साठी मी वापरलेला ‘अक्षर’ हा शब्द.

मराठीत अक्षर म्हणजे काय, हे कुठल्याही मुलाला पहिलीतच माहीत होतं, कारण त्याने बाराखडी घोकलेली असते. बाराखडी म्हणजे मुळात बारा अक्षरी. क, का, कि, की हे प्रत्येक एक अक्षर. काना लागला म्हणून कोणी ‘का’ची दोन अक्षरं धरत नाही. ‘जोडाक्षर’ हा शब्दही तेच सांगतो: दोन व्यंजनं जोडली, तरी झालं ते एकच अक्षर. अभंग रचणाऱ्याचा हिशेब याच मापाने चालतो. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे, अनुष्टुभाचा चरण ८ अक्षरांचा. तिथे ‘विठ्ठल’ हा शब्द तीन अक्षरांची जागा घेतो आणि ‘ज्ञानेश्वर’ चार अक्षरांची. पायथनला विचारलं तर तो ‘विठ्ठल’चे ६ आणि ‘ज्ञानेश्वर’चे १० सांगतो. हा घोळ मला आधीच दिसायला हवा होता. दोनेक वर्षांपूर्वी अभंगांची मात्रा-अक्षरं तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला होता, तो याच दगडाला ठेचकाळून तसाच पडलाय.

आता ‘मराठी’ या एका शब्दाची लांबी किती, याची माझ्या वहीत चार उत्तरं आहेत. अक्षरं ३. वर्ण ६, कारण व्याकरणाच्या तासाला आपण म्, अ, र्, आ, ठ्, ई असे सुटे करतो. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक, त्याच्या हिशेबाने ५: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. आणि ही चिन्हं यंत्रात यूटीएफ-८ पद्धतीने साठवली तर १५ बाइट (बाइट म्हणजे साठवणुकीचं माप), कारण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तिथे ३ बाइट लागतात.

इंग्रजीत हा प्रश्नच उभा राहिला नाही. ‘हॅलो’ हा शब्द त्यांच्या लिपीत लिहिला की अक्षरं पाच, यंत्रातली चिन्हं पाच, बाइटही पाच. १९६३ साली आस्की ही चिन्हांना क्रमांक देणारी जुनी यादी ठरली तेव्हा तिच्यात १२८ जागा होत्या आणि इंग्रजीला त्या पुरल्या. तीन वेगळ्या गोष्टींचा आकडा एकच येत असेल तर तीन शब्द कोण घडवेल? म्हणून त्यांच्याकडे ‘कॅरॅक्टर’ या एका शब्दावर भागलं. आपण तो एक शब्द उचलला, त्याच्यावर ‘अक्षर’ हे लेबल डकवलं, आणि आपल्याकडे मुळात वेगळ्या असलेल्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या.

यातून प्रोग्रामिंगच्या भाषांचे स्वभावही कळतात. ‘मराठी’ हाच शब्द ‘गो’ या भाषेला मोजायला दिला तर ती १५ म्हणते. ती बाइट मोजते, आणि तसं सरळ सांगते. (गो घडवणाऱ्यांतले दोघे, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक, यांनीच १९९२ साली यूटीएफ-८ बांधली होती. त्यामुळे बाइट ही त्यांना घरची गोष्ट.) ‘स्विफ्ट’ ही भाषा उत्तर देते ३, माझ्या विद्यार्थिनीसारखी. पायथन मध्येच ५ वर थांबतो. माझं मत विचाराल तर मराठी मजकुरासाठी सगळ्यांत फसवं उत्तर हे ५ आहे. १५ पाहून माणूस थबकतो, ‘हे काहीतरी वेगळं मोजतंय’ हे त्याला कळतं. ५ हा आकडा मात्र अक्षरांच्या आकड्यासारखा दिसतो, त्यामुळे प्रोग्राम लिहिणारा तसाच पुढे जातो.

तरीही मुलांना मी पायथनच शिकवणार. त्यात ‘बेरीज’, ‘गुण’, ‘उंची’ अशी देवनागरी नावं चलांना देता येतात, २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून. मुलाने अवतरणचिन्हांत ‘१२’ असे देवनागरी आकडे दिले तर पायथन त्यांचा पूर्णांकही करून देतो. थेट प्रोग्रामात १२ असं देवनागरीत लिहिलं तर मात्र अडतो. नववीतल्या मुलाला ‘चल’ हा शब्द बीजगणितातून आधीच माहीत असतो, तिथे ‘व्हेरिएबल’ म्हणायची गरज पडत नाही. चांगला शब्द आधीच हाताशी असेल तर तो वापरावा, एवढंच माझं धोरण. ‘कॅरॅक्टर’पाशी ते धोरण अडलंय.

आणि हे केवळ वर्गापुरतं नाही. एका मुलाच्या वडिलांचा ऑनलाइन अर्ज भरायला मी बसलो होतो. तालुक्याच्या चौकटीखाली लिहिलं होतं: ‘कमाल १० अक्षरे’. तालुका त्र्यंबकेश्वर. त्र्यं, ब, के, श्व, र. पाच अक्षरं, निम्मी जागा रिकामी राहायला हवी. टाइप केलं तर चौकटीत उमटलं ‘त्र्यंबकेश’ आणि पुढे कळ दाबली तरी काही उठेना. कारण यंत्राच्या लेखी या नावात १३ चिन्हं आहेत: त, हलन्त (पाय मोडल्याची खूण), र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, हलन्त, व, र. पहिली दहा घेतली आणि दार बंद. ते गृहस्थ मला म्हणाले, “सर, आमच्या गावाचं नाव मोठं आहे का हो?” त्यांना काय सांगणार? ‘दहा अक्षरे’ असं लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं होतं, आणि ते खोटं आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

फोनचंही तेच. माझ्या संपर्कयादीत ज्यांचा फोटो नाही त्यांच्या नावापुढे गोल येतो आणि त्यात नावाचं पहिलं ‘अक्षर’. ज्ञानदाच्या गोलात ‘ज’ आहे, क्षमाच्या गोलात ‘क’, श्रीधरच्या गोलात ‘श’. मराठीत आद्याक्षर असं घेत नाहीत. आगरकर गो. ग. होते, ग. ग. नव्हते. महर्षी शिंदे वि. रा. होते. मात्रा अक्षराच्या अंगचीच असते, ती बाजूला काढून ठेवायची वस्तू नाही.

तेव्हा विचारतो: पायथन जे ५ मोजतो, त्या पाचांतल्या एकेकाला मराठीत काय म्हणावं? मी सध्या ‘चिन्ह’ म्हणून पाहतोय. पण स्वल्पविराम, अधिक, टक्का हीही चिन्हंच, आणि मुलं तिथे अडखळतात.

प्रतिसाद: एक अनुवादक

मी सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचं काम करते. तुमच्या त्या चौकटीखालची ओळ माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिली असणार. आमच्याकडे वाक्यं सुटी येतात, चौकट दिसत नाही, आत काय मोजलं जातं हे कोणी सांगत नाही. मूळ वाक्यात कॅरॅक्टर असतं, शब्दसूचीत ‘अक्षर’ असतं, आम्ही ते लावतो.

माझं म्हणणं असं की ‘कॅरॅक्टर’ तसंच ठेवावं. पासवर्ड, फाइल, लिंक ठेवलेच ना? ती फाइल, तो पासवर्ड, अशी लिंगंसुद्धा मराठीने देऊन टाकली. नवा शब्द काढला तर अर्ज भरणाऱ्याला तो आधी समजावून सांगावा लागेल.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, फाइल आणि पासवर्ड ठेवायला माझी काही हरकत नाही, मीही तेच बोलतो. पण त्या शब्दांनी मराठीतलं आधीचं काही झाकलं जात नाही. ‘कॅरॅक्टर’चा मराठीत जम बसलाय तो वेगळ्या अर्थाने: शाळा सोडताना मिळणारं कॅरॅक्टर सर्टिफिकेट, नाटकातलं कॅरॅक्टर, ‘काय कॅरॅक्टर आहे हा माणूस’. आणि मुख्य म्हणजे शब्द बदलून ‘कमाल १० कॅरॅक्टर’ केलं तरी त्र्यंबकेश्वरच्या माणसाला पाच जागा कुठे गेल्या ते कळणार नाहीच.

अर्जावर ‘अक्षरे’ हाच शब्द असू द्या. फक्त मग यंत्राने अक्षरंच मोजावीत. शब्द दिलाय तर शब्दाला जागावं. हे आज अशक्य राहिलेलं नाही. वाचणाऱ्याला एक वाटणारा तुकडा कुठे संपतो याचे नियम युनिकोडने केलेले आहेत. त्या नियमांतही ‘क्ष’चे क् आणि ष असे दोन तुकडे पडायचे, ते २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडले गेले. नियम तयार आहे, तो वापरायची तसदी प्रोग्राम लिहिणाऱ्याने घ्यायची आहे.

प्रतिसाद: संस्कृतच्या एक शिक्षिका

‘वर्ण’ हा शब्द सुचवण्याचा मोह होईल, तो टाळा. वर्ण हा ध्वनीचा सुटा घटक. ‘म’ लिहिताना त्यातला अ दिसत नाही, तरी तो वर्ण असतो. म्हणूनच तुमच्याकडे वर्ण ६ आले आणि यंत्राची चिन्हं ५. उलट हलन्ताचं चिन्ह हा वर्णच नाही. तो ‘इथे अ नाही’ एवढंच सांगतो, आणि यंत्र त्याला मोजतं. त्र्यंबकेश्वरात तुम्ही असे तीन हलन्त मोजलेत.

अक्षर म्हणजे न क्षरणारं, न झिजणारं. स्वराभोवती उभा राहिलेला उच्चाराचा अखंड घास. तो फोडला की अक्षर उरत नाही, म्हणून यंत्राच्या तुकड्याला हे नाव देऊ नये असं मलाही वाटतं.

मूळ प्रश्नकर्ता

बाई, ‘फोडला की अक्षर उरत नाही’ हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. पायथनला ‘मराठी’ उलटं लिहायला सांगितलं. अक्षरांनी उलटं केलं तर ‘ठीराम’ यायला हवं, मुलं खेळताना तेच म्हणतात. पडद्यावर आलं ते असं: सर्वांत आधी कोणाच्याच आधाराला नसलेली एकटी वेलांटी, तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ, मग ‘ठारम’. रवरचा काना ठवर जाऊन बसला. कारण उलटताना क्रम झाला वेलांटी, ठ, काना, र, म. एक मुलगा म्हणाला, “सर, मात्रा निसटल्या.” इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

प्रतिसाद: एक निवृत्त कंपोझिटर

मास्तर, संगणकातलं मला फारसं कळत नाही, नातू वाचून दाखवतो. पण तुम्ही ज्याला नाव शोधताय ते मी तीस वर्षं बोटांनी उचललंय. त्याला खिळा म्हणतात.

आमच्या छापखान्यात शिशाचे खिळे होते. समोर खणांची केस, एका हातात खिळे ओळीने बसवायची स्टिक, दुसऱ्या हाताने खिळा उचलायचा आणि बसवायचा. वाचणारा अक्षर वाचतो, आम्ही खिळे जुळवतो. काना हा वेगळा खिळा. अर्धा त वेगळा, पूर्ण त वेगळा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अखंड ओतलेले मिळायचे, बाकी बहुतेक जोडाक्षरं अर्ध्याला पूर्ण लावून करायची. एका अक्षराला दोन-तीन खिळे लागले म्हणून ते अक्षर दोन-तीन झालं असं आमच्यात कोणी म्हटलं नाही. मजकूर छापून झाला की खिळे सुटे करून आपापल्या खणात परत. तोच काना उद्या दुसऱ्या कोणाच्या नावात.

मूळ प्रश्नकर्ता

काका, हे वाचून मी उठून बसलो. खिळा! स्वल्पविराम हाही खिळा, टक्का हाही खिळा, आकडा हाही खिळा, त्यामुळे ‘चिन्ह’ म्हणताना जी अडचण येत होती ती इथे येत नाही. मराठी हा तीन अक्षरांचा, पाच खिळ्यांचा शब्द. त्र्यंबकेश्वर पाच अक्षरांचा, तेरा खिळ्यांचा. वाक्य ऐकताक्षणी कळतं, व्याख्या करत बसावं लागत नाही. सामान्यरूप होतं, अनेकवचन होतं, क्रियापद जोडीला तयार आहे: खिळे जुळवणे, खिळे मोजणे, खिळा निखळणे.

दोन फरक मात्र मुलांना सांगावे लागतील. तुमच्याकडे ‘क्ष’ एकच खिळा होता. युनिकोडमध्ये तो तीन खिळ्यांनी बनतो, क, हलन्त आणि ष. देवनागरीला तिथे १२८ जागांचा एक तुकडा मिळालाय, त्यात जोडाक्षरांना स्वतंत्र घरं नाहीत. ही रचना आपल्याच इस्की या भारतीय मानकावरून घेतली. हलन्त हा एक खिळा ठेवला की वाटेल ती जोडाक्षरं बांधता येतात, शेकड्याने खिळे ओतावे लागत नाहीत. दुसरा फरक पहिल्या वेलांटीचा. तुम्ही वेलांटी आधी बसवत असणार, मग अक्षर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. यंत्रात ‘विठ्ठल’साठी आधी व आणि मग वेलांटी साठवतात, बोलण्याच्या क्रमाने. डावीकडे नेऊन दाखवायचं काम फॉन्ट करतो.

जुन्या एसएमएसचं गणितही आता नीट मांडता येईल. एका संदेशात १४० बाइट मावत, आणि एका बाइटचे ८ बिट. इंग्रजी खिळा ७ बिटांचा, म्हणून १६० बसत. देवनागरी खिळ्याला १६ बिट लागत, म्हणून ७०. ते सत्तर खिळे होते. आपण ‘सत्तर अक्षरं’ म्हणायचो आणि निम्म्या वाटेतच संदेश का संपतो म्हणून चडफडायचो.

प्रतिसाद: तीच अनुवादक

‘कमाल १० खिळे’ मी अर्जावर लिहिणार नाही, हे आधीच सांगते. पण आमच्या प्रोग्रामर मंडळींना विचारायला प्रश्न मिळाला: तुम्ही अक्षरं मोजता की खिळे? इतके दिवस हा प्रश्न मला मराठीत विचारताच येत नव्हता. दोन्हींना एकच शब्द होता.

मूळ प्रश्नकर्ता

काल शनिवार होता. फळ्यावर दोन रकाने केले, ‘अक्षरं’ आणि ‘खिळे’, आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे आकडे आधी हाताने काढायला लावले, मग पायथनने ताडून पाहायला. तीनचं पाच झालं म्हणणारी मुलगी पटापट सांगत होती.

एक कोडं मात्र उरलं. दोन मुलांनी आपापल्या घरच्या फोनवरून ‘दऱ्या’ हा शब्द टाइप करून आणला होता. दोन्हीकडे दिसायला हुबेहूब तोच. अक्षरं दोन. पण एकाचे खिळे ५ आणि दुसऱ्याचे ६ आले, आणि एकाच्या फाइलमध्ये दुसऱ्याचा शब्द शोधला तर ‘सापडला नाही’. उकललं तेव्हा दिसलं की पहिल्या फोनने मराठीचा खास ऱ वापरला होता: द, ऱ, हलन्त, य, काना. दुसऱ्याने साधा र घेऊन, हलन्तानंतर शून्य रुंदीचा एक जोडक घातला होता, जो पडद्यावर कुठेच दिसत नाही. वाऱ्यावर, दुसऱ्या, येणाऱ्या, अशा प्रत्येक शब्दाशी हा घोळ आहे. त्यामुळे मराठी मजकुरात शोध घेणारा कुठलाही प्रोग्राम लिहिताना आधी दोन्ही रूपं एक करून घ्यावी लागतात. मुलांनी विचारलं, “जे दिसतच नाही तो खिळा कसा?” काका, हे तुम्हालाच विचारतो.

प्रतिसाद: निवृत्त कंपोझिटर

मास्तर, न उमटणारा खिळा आमच्याकडेही होता. दोन शब्दांमधली जागा त्याच्यानेच राखायचो. उंचीला तो बाकीच्यांपेक्षा कमी असायचा, म्हणून त्याला शाई लागायची नाही आणि कागदावर काही उमटायचं नाही. पण तो नसेल तर ओळ सुटायची.